शून्यावरचा काटा

मिरजेला लोक दोन कारणांसाठी येतात: गाडी बदलायला आणि आजार दाखवायला. दोन्हींत मुख्य काम वाट पाहण्याचं. तेव्हा वाट पाहण्याचाच दवाखाना काढावा ही कल्पना जगात कुठे सुचणार होती, तर ती मिरजेतच सुचणार होती.

'दीर्घायू मंदगृह' असं त्या दवाखान्याचं नाव. रोगी बरा करू असं त्यांच्या पत्रकात कुठेही छापलेलं नव्हतं, आणि एवढ्या प्रामाणिकपणाची सवय नसल्यामुळे लोकांचा त्यांच्यावर चटकन विश्वास बसला. मंदगृह रोग्याला फक्त हळू करत असे. इतकं हळू, की त्याच्याबरोबर त्याचा रोगही हळू व्हावा, आणि दोघं असे रांगत असताना जगात कुठेतरी, कुणीतरी, औषध शोधून काढावं.

दिगंबर कुरुंदवाडकरांच्या हाडांच्या आतला रक्ताचा कारखाना बंद पडत आला होता. डॉक्टर म्हणाले, दिवाळीपर्यंत. मुलगा निरंजन कॅलगरीला होता. त्याने तिथे बसून मंदगृह शोधलं, पैसे भरले, आणि पडद्यावर येऊन वडिलांना विचारलं, "बाबा, जाल ना?"

"बघा तुम्हीच," दिगंबरराव म्हणाले.

पाटबंधारे खात्यात जन्मभर दुसऱ्यांनी ठरवलेल्या धरणांच्या रेघा ओढलेला माणूस. लग्न ठरताना, बदली होताना, मुलगा परदेशी निघताना ते हेच म्हणाले होते. त्यामुळे घरात या दोन शब्दांना होकार समजायची पद्धत होती. त्यांना मंदगृहात नेऊन झोपवलं.

"काकू, शरीर म्हणजे सगळं मिळून कधीच समतोलात नसतं," ओवी बेडगे वैजयंतीबाईंना समजावून सांगत होती. वैजयंतीबाई म्हणजे दिगंबररावांच्या पत्नी. ओवी ही मंदगृहाची अभियंता. वयाने कोवळी, पण विषय निघाला की समोरचा माणूस तिला दिसेनासा व्हायचा. "पोट ऊन, तळपाय गार. रक्तात साखर इथे जास्त, तिथे कमी. पण त्यातला एक दाणा घेतला, तांदळाच्या कणीहूनही लहान, तर तेवढ्यापुरतं सगळं सारखं असतं. त्या दाण्याला स्वतःचं तापमान असतं, स्वतःचा दाब असतो, स्वतःची एन्ट्रॉपी, म्हणजे विस्कटलेपणाचं माप, असते. याला स्थानिक समतोल म्हणतात."

"म्हणजे ज्याच्या त्याच्या घरात सगळं ठीक, आणि गावात मारामाऱ्या."

ओवीने जरा विचार केला. "हो. अगदी तसंच."

पुढचं तिने असं सांगितलं. एका दाण्यात आणि शेजारच्या दाण्यात फरक असला की काहीतरी वाहायला लागतं: उष्णता, साखर, क्षार. फरक मोठा तर वाहणं मोठं. वाहणं गुणिले फरक, तेवढी नवी एन्ट्रॉपी जन्माला येते, आणि एकदा जन्मली की ती नाहीशी करता येत नाही. कपातला चहा निवतो. निवलेला चहा खोलीतली ऊब गोळा करून आपला आपण तापला, असं कुणी पाहिलेलं नाही. जिवंत माणूस ही एन्ट्रॉपी सारखी तयार करतो आणि घामातून, श्वासातून, आरड्याओरड्यातून बाहेर टाकत राहतो. टाकणं जमेना की आटोपलं. मंदगृहाच्या गादीत केसाहून बारीक तंतू होते. काही उष्णतेने, काही औषधाने, ते या दाण्यादाण्यांमधले फरक पुसत राहत. फरक कमी, म्हणून वाहणं कमी, म्हणून झीज कमी. पार पुसायचे मात्र नाहीत.

"पार पुसले तर?"

"मग पूर्ण समतोल," ओवी म्हणाली, आणि तिने कोपऱ्यातल्या लोखंडी स्टुलाकडे बोट केलं. "तसा."

दिगंबररावांच्या उशाशी भिंतीवर एक तबकडी होती आणि तिच्यावर एक काटा. शून्य म्हणजे कमीत कमी झीज, जेवढी टळतच नाही तेवढी. त्याच्यावर हिरवा पट्टा, मग पिवळा, मग तांबडा. काटा जेवढा वर जाईल तेवढं आयुष्य खर्ची पडलं, आणि ते परत मिळायचं नाही.

*

आपल्याकडे आजारी माणसाच्या समाचाराला जावं लागतं. न गेलं तर ते लक्षात ठेवलं जातं. कुरुंदवाडकरांचे नातेवाईक शहाळी घेऊन आले. दारातच त्यांच्या अंगावर समताप झगा चढवायचे, म्हणजे अंगाची ऊब रोग्यापर्यंत पोचू नये. बोलायचं ते एका नळीत. दिगंबररावांचा काळ इतका संथ झाला होता, की नळीतलं बोलणं यंत्राने ताणून ताणून त्यांच्या कानात सोडावं लागे. 'कसं काय' हे दोन शब्द नाश्त्याला निघाले की जेवणाच्या सुमारास पोचत.

पोचले की काटा थोडासा हलायचा. सुरुवातीला ज्याच्यामुळे काटा हलला तो खूश असायचा. "बघितलंत? ओळखलं मला!" दिगंबररावांची बहीण नळीत रडली तेव्हा काटा हिरव्यात पोचला, आणि ती आठवडाभर सगळ्यांना ते सांगत होती. मग ओवीने तिला हिशेब समजावून सांगितला. त्यानंतर बहीण आली नाही. चुलतभाऊ आले नाहीत. निरंजनने दिवाळीचं तिकीट रद्द केलं. "मी आलो तर बाबांवर ताण येईल, आई. त्यांच्यासाठीच येत नाहीये." न येण्याला विज्ञानाचं कारण मिळालं, की माणसं केवढी विज्ञाननिष्ठ होतात हे पाहून वैजयंतीबाई थक्क झाल्या.

राहिल्या त्या एकट्या. रोज सकाळी डबा घेऊन यायच्या, झगा घालायच्या, लोखंडी स्टुलावर बसायच्या. नळीत म्हणायच्या, "अहो, मी आलेय." बिलं सांगायच्या, पाणी कधी आलं ते सांगायच्या, निरंजनचं सांगायच्या. काटा शून्यावर असायचा. त्या घरी जातानाही शून्यावरच असायचा.

*

नेमिनाथ उगारे, म्हणजे नेमाण्णा, आले ते मार्गशीर्षात. हे दिगंबररावांचे शाळेपासूनचे मित्र आणि गेली कित्येक वर्षं शत्रू. पत्त्यांवरून बिनसलं होतं. सांगलीहून येऊन ते झगा घालून उभे राहिले. पाठीमागे हात, आणि तोंड भिंतीकडे.

"वहिनी, याला सांगा, मी याच्याशी बोलायला आलेलो नाही. समाचाराला आलोय. बोलणं बंदच आहे."

"भावजी, नळी चालू आहे."

"असू दे की. मी तुमच्याशी बोलालोय." नेमाण्णा दोन पावलं पुढे आले आणि पलंगाकडे न बघता नळीच्या दिशेने म्हणाले, "आणि हेबी सांगा, की झोपून राहिल्यानं चूक माझी ठरत न्हाई."

भडंगाचा पुडा वैजयंतीबाईंच्या हातात देऊन ते निघून गेले. दुपारपर्यंत काही झालं नाही. दुपारी, बोलण्यातले पहिले एक-दोन शब्द पोचताच, काटा उठला. हिरव्यातून गेला, पिवळ्यातून गेला, आणि तांबड्यात जाऊन थरथरत उभा राहिला. ओवी धावत आली. ताप नव्हता, वीज गेलेली नव्हती, गादीतला एकही तंतू तुटलेला नव्हता.

"काकू, सकाळी कोण आलं होतं?"

"मित्र."

"असे मित्र परत येऊ देऊ नका. वर्षभराचं आयुष्य गेलं काकांचं."

दुसऱ्या दिवशी फाटकावरच्या पहारेकऱ्याच्या चौकीत नेमाण्णांचा फोटो लागला. खाली लिहिलं होतं: क्षयकारक व्यक्ती.

*

वटपौर्णिमेला मंदगृहाने वैजयंतीबाईंचा सत्कार केला. आदर्श सहधर्मचारिणी म्हणून. रोग्याशेजारी इतके महिने बसूनही जिच्यामुळे काटा एकदाही हलला नाही अशी ती संपूर्ण मंदगृहात एकटीच होती. वडाचं झाड आत आणता येत नाही, म्हणून कुंडीतला लहानसा वड खोलीच्या तापमानाला आणून पलंगाच्या पायथ्याशी ठेवला. इतर रोग्यांच्या बायकाही सुती दोरे घेऊन आल्या. फेऱ्यांनी वारा उठू नये अशी सूचना होती. त्यामुळे त्या इतक्या सावकाश चालल्या, की उपास असलेल्या एकीला तिसऱ्या फेरीलाच भोवळ आली. टाळ्यांनाही बंदी होती. सगळ्यांनी बोटं हलवली.

"या माउलीच्या सहवासात," संचालक हळू आवाजात म्हणाले, "पतीचं आयुष्य कणभरही झिजत नाही. यापेक्षा मोठं व्रत कोणतं?"

मग त्यांनी उखाणा घ्यायला लावला. उखाणा संस्थेनेच लिहून दिला होता.

"समताप झगा अंगावर, कपाळी कुंकवाची चिरी, दिगंबररावांचं नाव घेते, काटा राहू दे शून्यावरी."

वैजयंतीबाईंनी तो नळीत म्हटला. चाळीसहून जास्त वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याचं नाव मोठ्याने घेतल्याचे प्रसंग अगदी थोडे. जेवणं झाली, पत्रकार गेले, दुसऱ्या दिवशी उखाणा पोचायची वेळही होऊन गेली. सत्काराची शाल आणि स्मृतिचिन्ह घेऊन त्या तबकडीसमोर उभ्या राहिल्या.

"ओवी, हा काटा बिघडलाय का गं?"

"नाही काकू. कालच तपासला."

"मग मी नाव घेतलं तरी हलला कसा नाही?"

"तेच तर!" ओवीला आनंद झाला. "बाकीचे येतात तेव्हा त्यांच्यात आणि काकांच्यात काहीतरी फरक असतो. राग असतो, काळजी असते, काहीतरी घ्यायचं किंवा द्यायचं असतं. फरक असला की वाहणार. तुमचं तसं नाही. दोन भांड्यांत सारखंच कोमट पाणी असेल, तर या भांड्यातून त्या भांड्यात काहीच जात नाही."

"म्हणजे मी कोमट पाणी."

"तसं नाही काकू," ओवी घाईघाईने म्हणाली. "दोघंही."

*

त्यानंतर वैजयंतीबाईंनी काही दिवस जे केलं ते आदर्श सहधर्मचारिणीला शोभणारं नव्हतं.

आधी त्यांनी नळीत सांगितलं, की तुमची स्कूटर भंगारात दिली. दिली नव्हती. संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. काटा जागेवर. मग सांगितलं, की सासूबाईंच्या पाटल्या मोडल्या. काटा जागेवर. तुमच्या बहिणीला घरी येऊ नका म्हणाले. जागेवर. एके दिवशी नळीत नुसत्याच ओरडल्या. बाहेरच्या परिचारिकेने येऊन विचारलं, काही हवंय का.

शेवटी खरं सांगितलं. "लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी बॅग भरून स्टँडवर जाऊन बसले होते. माहेरची गाडी लागलीसुद्धा होती. भांडण झालेलं नव्हतं. तुम्ही भांडतच नव्हता. म्हणून निघाले होते. मग तुमचा डबा करायचा राहिलाय हे आठवलं आणि परत आले. तुम्ही विचारलंत, भाजी कसली आहे."

एवढं बोलणं पोचायला तीन-चार दिवस लागणार होते. त्या तेवढे दिवस येत राहिल्या आणि तबकडीकडे बघत राहिल्या.

काटा हलला नाही. संचालकांनी जाता जाता आत डोकावून हात जोडले.

त्या संध्याकाळी त्यांनी सांगलीला नेमाण्णांना फोन केला.

*

"आई, बाबांना उठवायचं म्हणजे काय ते तुला कळतंय का?" पडद्यावरच्या निरंजनच्या मागे कोवळं ऊन पडलं होतं. "बाबांकडे तीस वर्षं आहेत. तोवर औषध निघेल. इथे त्याच्यावर काम चालू आहे, मी वाचलंय."

"निघेल की. मग ते उठतील, आणि?"

"आणि काय? जगतील."

"तीस वर्षं ज्याचा काटा हलला नाही, त्याला तिकडे काय म्हणतात रे?"

"तू दमलीयस. थोडे दिवस घरी राहा. तुझ्याऐवजी..." तिच्याऐवजी कोण, याचा निरंजनने विचार केला आणि तो मुद्दा सोडून दिला. "त्या उगारेकाकांना बाबांपेक्षा तुमचं सगळ्यांचं ते जुनं भांडण मोठं वाटतं का?"

"माझं नाही. त्यांचं भांडण. माझं असतं तर कशाला कुणाला बोलावलं असतं?"

रोग्याला परत ऊब द्यायची की नाही हे ठरवण्याचा हक्क करारानुसार पत्नीचा होता. करार करताना मंदगृहाला तो धोका वाटला नव्हता. असा हक्क आजवर एकाही पत्नीने वापरला नव्हता. संचालकांनी वैजयंतीबाईंना बोलावून घेतलं आणि अतिशय मृदू स्वरात सांगितलं, की लोक काय म्हणतील ते एकदा मनाशी म्हणून बघा. वैजयंतीबाईंनी म्हणून बघितलं होतं. दिवाळीआधी नवरा गेला की गाव म्हणणार, हिने मारला. आणि ते खोटं ठरवण्याजोगं त्यांच्याकडे काही नव्हतं. एवढं करून ते उठणार होते ते नेमाण्णांसाठी. हेही त्यांना ठाऊक होतं.

"शाल ठेवा," संचालक म्हणाले. "स्मृतिचिन्ह मात्र परत करावं लागेल."

नेमाण्णांना फाटकावर अडवलं. वैजयंतीबाई स्वतः जाऊन त्यांना घेऊन आल्या. या वेळी त्यांनी तोंड पलंगाकडे केलं.

"दिग्या," नेमाण्णा नळीत म्हणाले, "तू मरेस्तोवर तुला माफ करायचं न्हाई असं मी ठरवलंय. आणि तू तर मरायलाच तयार न्हाईस. मग मी काय करू?"

ओवी तबकडीसमोर उभी होती. दुपारी काटा निघाला आणि कुठल्याच पट्ट्यात थांबला नाही. "काकू, हे थांबवायला हवं! तंतू वाढवते मी. नाहीतर हातचं सगळं जाईल."

वैजयंतीबाई उठल्या आणि तिच्या आणि यंत्राच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या. "जाऊ दे."

"काकू, हे परत येत नाही. एकदा गेलं की—"

"तूच शिकवलंस ना मला ते? कळलंय. आता तंतू कमी करायला घे."

ऊब द्यायला दोन दिवस लागले. दाण्यादाण्यांत पुन्हा फरक पडत गेले, रक्त पळायला लागलं, बोटांची टोकं गुलाबी झाली. वैजयंतीबाई उशाशी होत्या, नेमाण्णा पायाशी. दिगंबररावांनी डोळे उघडले. नजर पत्नीवरून गेली, खिडकीवरून गेली, आणि पायथ्याशी जाऊन थांबली. तिथे तिला धार आली.

"गाढवा," ते म्हणाले.

नेमाण्णा रडायला लागले.

*

घरी आल्यावर दिगंबररावांसारखा जिवंत माणूस मिरजेच्या ब्राह्मणपुरीत दुसरा नव्हता. उशांना टेकून बसायचे, गाल लाल, आवाज चढलेला. नेमाण्णा सकाळच्या गाडीने सांगलीहून यायचे ते संध्याकाळी जायचे. पलंगावर पत्ते मांडून दोघं त्या जुन्या डावाचं शवविच्छेदन करायचे. मेंढीकोटाचा डाव. ज्याच्याकडे चारही दश्श्या येतील त्याचा कोट. या दोघांच्या जोडीकडे तीन आलेल्या होत्या.

"माझा एक्का पडलाय, हात आपला आहे, वर दश्शी टाकायची सोडून दुर्री टाकतोस?" दिगंबरराव विचारायचे.

"आणि कापला असता तर?"

"कोण कापणार होतं? त्यांच्याकडे इस्पिक होतं!"

"तुला काय म्हाईत?"

ज्यांना माहीत होतं ते दोघं प्रतिस्पर्धी मध्यंतरी वारले होते. त्यामुळे वादाला मरण नव्हतं. रक्ताचा अहवाल मात्र दर खेपेला वाईट येत होता. वैजयंतीबाई दोघांना पोहे करून द्यायच्या, चहा द्यायच्या. नवऱ्याचं त्यांच्याशी बोलणं पूर्वीसारखंच होतं. "अगं, चहा." "अगं, चष्मा." त्यात राग नव्हता, उणंदुणं नव्हतं, काहीच नव्हतं.

एक दिवस नेमाण्णांना यायला उशीर झाला. वैजयंतीबाई पलंगाच्या कडेवर बसल्या.

"अहो, एक विचारू? तुम्ही तिथे होता तेव्हा मी रोज यायचे. दिवसभर बसायचे. बोलायचे तुमच्याशी."

दिगंबररावांनी चष्मा वर सरकवून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना खरोखर नवल वाटलं होतं.

"तू होतीस होय? मला वाटलं, खोलीत कुणीच नाही."

नेमाण्णा दारात चपला काढत होते. त्यांनी ते ऐकलं आणि ते तिथूनच गडबडीने म्हणाले, "म्हंजे वहिनी, दोघं इतके एक झालाय तुम्ही, की याला दुसरं माणूस म्हणून—"

"भावजी, पोहे घ्या," वैजयंतीबाई म्हणाल्या.

त्याच दुपारी ओवी आली. मंदगृहातून बाहेर पडलेला हा पहिलाच रोगी, तेव्हा तिला मोजमापं घ्यायची होती. दिगंबररावांनी तिला मोजू दिलं नाही. "पत्ते येतात?"

"मोबाईलवर खेळलेय."

"बस. आज नुसतं मांडायचं नाही, खेळायचं. नेम्या, तिघं झालो. चौथा बघ कुणीतरी."

"वहिनींना घे की."

"तिला येत नाही," दिगंबरराव म्हणाले. तेही रागाने नाही; पाऊस आहे का, नाही, अशा सुरात.

वैजयंतीबाईंनी हात पुसले आणि त्या येऊन बसल्या. याच घरात दर रविवारी हा खेळ चालायचा, आणि दर रविवारी स्वयंपाकघर आणि बैठक यांच्यामध्ये एक पातळसा पडदा असायचा. त्यांना समोर ओवी मिळाली, दिगंबररावांना नेमाण्णा. हुकूम किल्वर.

दिगंबरराव फार सुंदर खेळले. पहिली दश्शी घेतली, दुसरी घेतली, तिसरीही घेतली. मग त्यांनी इस्पिकचा एक्का आपटला. ओवीकडे इस्पिकचं एकच पान उरलं होतं, आणि ते टाकण्यावाचून तिला इलाज नव्हता: दश्शी. नेमाण्णांनी हसत हसत सत्ती टाकली.

"कोट!" दिगंबरराव ओरडले, आणि पत्ते ओढायला त्यांनी हात पुढे केला.

वैजयंतीबाईंनी त्या हातावर किल्वरची तिर्री ठेवली.

 दिगंबररावांनी तिर्रीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"इस्पिक आहे तुझ्याकडे."

"नाही."

"दाखव!"

त्यांनी हातातले पत्ते पसरून दाखवले. इस्पिक नव्हतं.

"मुद्दाम संपवलंस इस्पिक? पानं मोजत होतीस तू?"

"हो."

"आणि तिर्री राखून ठेवलीस? माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठीच."

दिगंबररावांच्या कपाळावरची शीर उठली. "वैजयंती!" ते म्हणाले.  'अगं'शिवाय दुसऱ्या कुठल्या नावाने त्यांनी हाक मारल्याला किती वर्षं झाली होती कुणास ठाऊक. "नवऱ्याचा कोट होतोय आणि तू... घरात राहून... लबाड! पक्की लबाड आहेस तू! ऊठ इथून!"

"दिग्या, शांत हो," नेमाण्णा म्हणाले. ओवीने दिगंबररावांची नाडी बघण्यासाठी हात पुढे केला. तो त्यांनी झिडकारला. वैजयंतीबाई उठल्या नाहीत. डाव संपेपर्यंत खेळल्या, आणि कोट होऊ दिला नाही.

त्या दिवसापासून दिगंबररावांनी बायकोशी अबोला धरला. सगळं नेमाण्णांच्या मार्फत. "तिला सांग, चहात साखर कमी पडलीय." वैजयंतीबाईंनी दुसऱ्या दिवशी आणखी थोडी कमी घातली. "तिला सांग, खिडकी लाव." त्यांनी दुसरीही उघडली. त्या खोलीत आल्या की दिगंबरराव भिंतीकडे तोंड करायचे, आणि त्या बाहेर गेल्या की मान वळवून बघायचे, गेली का. नेमाण्णा दोन्हीकडची समजूत घालून दमले. "वहिनी, त्याचे किती दिस राहिलेत? तुम्ही तर मिटवा."

"का मिटवायचं?" वैजयंतीबाई म्हणाल्या.

दिगंबरराव दसऱ्याच्या आधीच गेले. जाताना शुद्धीवर होते. वैजयंतीबाईंनी पाण्याचा चमचा पुढे केला तेव्हा त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले, आणि नेमाण्णांनी तोच चमचा धरल्यावर उघडले.

गावाने म्हणायचं ते म्हटलं. बहीण दारातूनच परत गेली. निरंजनला विमान मिळालं नाही. तो पडद्यावर आला. बराच वेळ रडला, आणि मग त्याने विचारलं,

"आई, शेवटी काही बोलले का गं तुझ्याशी?"

"नाही. रागावले होते."

"कुणावर?"

"माझ्यावर," वैजयंतीबाई म्हणाल्या. निरंजन पुढे काही विचारेल म्हणून थोडा वेळ थांबल्या, आणि त्याने काही विचारलं नाही तेव्हा त्यांनी आपणहून पुन्हा सांगितलं, "माझ्यावर."